शिवमच्या नावाच्या रजया

तेल्हाऱ्यात इनायतुल्ला पिंजाऱ्याचं घर विचारलं तर लोक जरा विचारात पडतात, पण वस्तादचं घर म्हटलं की शेंबडं पोट्टंही बोट दाखवतं. पोट पिंजण्यावर अन् जीव आखाड्यावर, असा हा माणूस. साठीला आलेला, बुटका, मान इतकी जाड की सदऱ्याचं वरचं बटण जन्मात लागलं नसेल, अन् दंड अजून तसेच. ते दंड त्यांना धुनकीनं दिले. लहानपणी बापासोबत गावोगाव फिरायचं, खांद्यावर ती धनुष्यासारखी धुनकी, अन् कोणाच्या अंगणात बसून दिवसभर कापसावर तिची तात वाजवायची, टंग टंग टंग, संध्याकाळी भाकर तोडायला हात उठायचा नाही. आता मशीन आहे. पण कामच कुठं आहे? हातगाडीवर फायबरच्या ब्लँकेटा येतात, फुलांच्या, वाघाच्या तोंडाच्या, लोक त्याच घेतात. दिवाळी ते संक्रांत थोडंफार पिंजणं निघतं, बाकी वर्ष असंच.

आखाडा म्हणजे बंद पडलेल्या जिनिंगचं टिनाचं शेड. मालक अकोल्याला जाऊन बसला, शेड तसंच राहिलं, वस्तादांनी झाडून घेतलं अन् झाला आखाडा. जिनिंगच्या मशीनची लोखंडी चाकं ती वजनं, खताच्या पोत्यात काळी माती भरली ते पाठीवर घेऊन पळायचं ओझं, अन् एका कोपऱ्यात लाल मातीचा हौद. म्हातारे आखाडा म्हणतात, पोट्टे जिम म्हणतात. भिंतीवर हनुमानाचा फोटो आहे, चपला बाहेर काढून आत यायचं, अन् कोणी पोट्टं नसलं तर त्या फोटोपुढची पणती वस्ताद स्वतः लावतात अन् मग नमाजला जातात. ह्यात कोणाला काही विशेष वाटत नाही.

पोट्टे यायचे ते भरतीसाठी. पोलीस भरती, मिलिटरी भरती. वावरात आता काही राहिलं नाही हे पोट्ट्यांना आधी कळलं होतं, बापांना नंतर.

त्यातलाच शिवम, वामनरावांचा. आला तेव्हा इतका बारीक की वस्ताद म्हणाले, "अबे, तू जोर मारशील का हवा आली तं उडून जाशील?" जोर त्याला कधी नीट जमलेच नाहीत. पण बैठका! एकदा सुरू झाला की बाकीचे दमून बसायचे, पाणी प्यायचे, गप्पा हाणायचे, हा आपला खाली-वर, खाली-वर, चेहऱ्यावर हसू तसंच. लागला मिलिटरीत. सुट्टीवर आला की ट्रंक घरी टाकायच्या आधी आखाड्यात, अन् त्याची माय मनकर्णा तिथंच दारात येऊन भांडायची, "वस्ताद, माह्या पोराले पयले भाकर तं खाऊ द्या, का बैठकाच खाते तो?" लय बोलायची ती बाई तेव्हा. लग्नात, पंगतीत, बाजारात, मनकर्णाबाई असली की दुसऱ्या कोणाला तोंड उघडायची गरज नाही.

मग एका मार्गशीर्षात त्याची चौकी बर्फाखाली दबली. वर कुठंतरी, नाव घ्यायलाही जीभ अडखळते अशा जागी. पेटी आली, झेंडा आला, बंदुका वाजल्या, गावातली सगळी दुकानं बंद. मनकर्णाबाई रडली नाही. तेरवीच्या दिवशी सगळे ओसरीवर बसले होते, वस्ताद पण पोत्यावर टेकले होते एका बाजूला, अन् ती आतून आली, उभी राहिली, अन् कोणाकडंच न पाहता बोलली,

"माह्या लेकराले थंडी वाजली असन."

बस. परत आत गेली. त्याच्यानंतर महिना झाला, दोन झाले, बाई बोलेचना. देवळात नाही, लग्नात नाही, शेजारी पण नाही. मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून राहायची. वामनराव आखाड्यात यायचे, हौदाच्या काठावर बसायचे अन् म्हणायचे, "इनायत, एक पोरगं गेलं ते गेलं, आता हे बी चालली बाप्पा माह्या डोयापुढून."

आता बर्फात गेलेल्या पोराच्या मायला कोण काय सांगणार? पण पिंजारी माणूस, थंडी म्हटलं की त्याला एकच गोष्ट सुचते.

शिवमचं वर्षश्राद्ध आलं तेव्हा वस्तादांनी गावात सांगून टाकलं, शिवमच्या नावानं मेहनत करायची. आखाड्यात व्यायामाला मेहनतच म्हणतात. सकाळी ज्याला यायचं त्यानं यावं, पोट्टे, मास्तर, दुकानदार, शेतकरी, सगळे, अन् बैठका माराव्या, मातीची पोती घेऊन पळावं, जेवढं होईल तेवढं. अन् ज्याच्या बैठका झाल्या त्याच्या घरानं त्या हिशेबानं ओंजळ ओंजळ कापूस आणून आखाड्यातल्या चादरीवर टाकावा. दिवाळीनंतर कापूस तर घराघरात पडलेलाच असतो. गावातला छोटा जिनिंगवाला सरकी काढून देणार, वस्ताद पिंजणार, अन् त्या रुईच्या रजया अकोल्याला मोठ्या दवाखान्यापुढं जे पेशंटचे नातेवाईक उघड्यावर झोपतात ना, त्यांना द्यायच्या.

अन् एक नियम वस्तादांनी असा घातला की ओंजळ झाकून टाकायची. गमछ्याखाली, पदराखाली. का, तर एखाद्याचं वीस एकर वावर, अन् एखादी मजुरी करणारी बाई, लोकाच्या वावरात खाली पडलेलं बोंड वेचून आणणारी. कोणाची ओंजळ भरली, कोणाची अर्धी, कोणाचा पांढराशुभ्र, कोणाचा मळका, हे कोणाला दिसायला नको. शिवमच्या चादरीवर सगळा कापूस सारखा.

रजयांच्या खोळी शिवून झाल्या तेव्हा वस्ताद त्या घेऊन वामनरावांच्या घरी गेले. मागच्या खोलीच्या दारात उभं राहून म्हणाले, "वयनी, याच्या कोपऱ्यावर शिवमचं नाव टाकून द्या ना. आमच्या घरातल्या बाया उर्दू शायेत शिकल्या, त्यायले मराठी नाई येत लिवता."

खरं तर उजैर होता घरात, वस्तादांचा पोरगा, बारावी झालेला, त्यानं पेनानं लिहून दिलं असतं अन् वस्तादांच्या बायकोनं, सईदाचाचींनी, त्याच्यावरून टाका घातला असता. पण मनकर्णाबाईनं खोळ हातात घेतली. अंधारात सुईत दोरा जाईना म्हणून उठून ओसरीवर उजेडात आली. लाल दोऱ्यानं शिवमचा शि काढला. वामनराव तिकडं गोठ्यात जाऊन रडले.

त्या वर्षीपासून हे असंच. मार्गशीर्षात मेहनत, पौषात रजया. मोतीराम टेम्पोवाला भाजीपाला घेऊन अकोल्याला जायचा, तोच रजया न्यायचा, अन् परत आला की मनकर्णाबाई त्याला ओसरीवर बसवून विचारायची, कोणाले देल्ली, कुठचे होते, कोण भरती हाये त्यायचं. बाळापूरची एक बाई, सून बाळंत व्हायला आलेली. अकोटचा एक हमाल, भावाचा पाय मोडलेला. ती ते सगळं लक्षात ठेवायची अन् वर्षभर वामनरावांना विचारायची, "त्या हमालाच्या भावाचा पाय बसला असन का हो?" तेवढंच काय ते तिचं बोलणं उरलं होतं. गावात कोणाकडं जात नव्हती, पण अकोल्याच्या त्या फूटपाथवर तिचं मोठं खटलं झालं होतं.

अन् मग आलं बोंडअळीचं वर्ष. दोन हजार सतराचं. बाहेरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी, अन् कापूस निघायचा तो चिकटलेला, पिवळा, दगडासारखा, कवडी म्हणतात त्याला. लोकांनी कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीत नांगर घातला, कोणी जनावरं सोडली. वेचणाऱ्या बाया घरी येऊन हात खाजवायच्या. फवारून फवारून माणसं दवाखान्यात.

वस्तादांना वाटलं, यंदा मेहनतीला कोणी येणार नाही. तर सगळं गाव आलं! टिनाचं शेड भरलं, बाहेर रस्त्यावर माणसं. जणू काही दुसरीकडं कुठं जोरच चालत नव्हता म्हणून इथं काढायला आले. शेतकरी खुशालराव तर पोट सांभाळत सगळ्यांच्या पुढं.

"वस्ताद, माह्या बैठका जरा कमी धरा बाप्पा. हे पोटच अर्ध्या बैठका खाऊन घेते."

"पोट घरी ठेऊन येत जा ना खुशालराव!"

"पुढल्या साली ठेवाच लागन. वावर पायलं ना माह्यं? पोटाले सांगून ठेवलं, तू आपलं पाहून घे."

लोक हसले. हसणं पण कसं, हसता हसता एकदम बंद झालं अन् नुसता श्वासांचा आवाज. खाली, वर, खाली, वर. नंतर एकेक जण आला, गमछ्याखालून ओंजळ टाकली, फोटोला हात जोडले अन् गेला. एकही घर चुकलं नाही.

संध्याकाळी वस्तादांनी अन् सईदाचाचींनी चादर उघडी केली. पांढरा म्हणावा असा कापूस हाताला लागेचना. पिवळा, डागाळलेला, मधे अळीची घाण.

चाची म्हणाल्या, "ये तो पूरा सड़ेला है जी. छांट लेते, अच्छा अच्छा निकालो, बाकी फेंक दो."

"छांटेंगे तो मालूम पड़ता ना किसका है." वस्ताद चादरीपाशी बसलेच राहिले. "ये कवडी देख, खुशालराव के खेत का है. और ये छोटा बोंड, ये उधर की बस्ती का. फेंक दिया तो मैंने ही पल्लू उठाके देख लिया ना सबका?"

"तुम देखे तो देखे, कौन बोलने जा रहा?"

"शिवम के नाम से दिए सईदा. घर में खाने को नहीं, तो भी दिए. ना कैसे बोलूं?"

अन् छाटून उरलं असतं काय? दोन-तीन रजयांपुरतं. गावात बोभाटा झाला असता, यंदा शिवमच्या रजयाच नाही झाल्या.

म्हणून त्यांनी तो कापूस उन्हात टाकला. काठीनं झोडपला. जिनिंगवाल्यानं नाक मुरडलं पण सरकी काढून दिली. मग पिंजला, परत पिंजला. मशीनवर मनाला पटेना म्हणून माळ्यावरची बापाची धुनकी काढून हातानं पिंजला. दंडांवर पुरळ आलं, रात्रभर खाज. पण पिंजाऱ्याला खाज काय नवीन आहे, धुळीनं येतेच, म्हणून खोबरेल चोळलं अन् परत बसले. उभ्या जन्मात हजारो रजया भरल्या त्या माणसानं, अन् तिथं चुकला. सगळ्यांची लाज झाकता झाकता काय भरतो आहे ते त्याला दिसलंच नाही, की दिसत होतं अन् त्यानं पाहिलं नाही, देव जाणे.

मनकर्णाबाईनं लाल दोऱ्यानं नावं टाकली. रजया गेल्या.

पौषातलीच गोष्ट. रजया वाटून मोतीराम आठेक दिवस अकोल्यातच भाडं मारत राहिला होता, त्या दिवशी परतला. मोतीरामचा टेम्पो आखाड्यापुढं उभा राहिला अन् तो उतरेचना. वस्ताद जवळ गेले तर मागं ढीग. त्याच रजया.

"काय झालं बे मोतीराम?"

"चाचा, घेऊन आलो परत. जेवढ्या भेटल्या तेवढ्या."

"काहून?"

"लोकं खाजवून राहिले चाचा. अंगावर गांध्या. लहान लेकरायले तं लयच. डॉक्टर म्हणे कापसातल्या अळीनं असन, नाई तं फवाऱ्याचं औषध असन. कोणी फेकून देल्या, कोणी जाळल्या." मोतीराम हँडलकडंच पाहत होता. "अजून एक हाये. सांगू का नको?"

"सांग."

"तिथी त्या खाजीले शिवमची खाज म्हणून राहिले. रजईवर नाव हाये ना. नवीन माणूस आला का जुना त्याले सांगते, ते लाल नावाची घेऊ नको, शिवमची खाज येते."

वस्तादांनी टेम्पोची कड धरली.  मग ढीग उचलून शेडच्या मागं टाकला, वरून ताडपत्री. "वामनभाऊच्या घरी बोलशील नको," एवढंच म्हणाले.

वस्ताद हात धूत होते तोवर मनकर्णाबाई आली. स्वतः! टेम्पो आल्याचा आवाज ऐकून ती ओसरीवर वाट न पाहता चालत आखाड्यापर्यंत आली होती, डोक्यावर पदर, इतक्या वर्षांनी त्या दारात. मोतीरामनं तिला पाहिलं अन् तो सरळ खाली उतरून टायर पाहायला वाकला.

"इनायतभाऊ, गेल्या का रजया? कोणाले देल्या?"

त्याच वेळी सांगायचं होतं. चार शब्द होते. पण ती बाई त्या दारात उभी होती जिथून पोराला भाकरीसाठी हाका मारायची, अन् वस्तादांच्या तोंडून निघून गेलं, "गेल्या ना वयनी. एक बुढा होता."

"कुठचा?"

"पातूरकडचा. बुढी भरती हाये त्याची. एकटाच हाये बिचारा, पोरंबाळं नाई. रजई घेतली, पार डोक्यावरून घेतली, अन् म्हणे, कोणी देल्ली ही? मी म्हटलं... मोतीरामनं सांगतलं त्याले, शिवमनं."

"मंग?"

"मंग काय, आशीर्वाद देल्ला. तोंडात दात नाई त्याच्या, बोललेलं समजे नाई."

मनकर्णाबाई हसली. खरंच हसली. "दात नाई तं खात काय असन तिथी? दवाखान्यापुढं तं कडक पोळ्याच भेटतात." असं म्हणून ती गेली.

सईदाचाचींना घरी समजलं तेव्हा त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "बुड्ढा कहां से लाए तुम? आज के आज जाके बोल दो. बाई है, सह लेगी. झूठ नहीं सहेगी."

"कल बोलता."

दुसऱ्या दिवशी वामनरावच धावत आले. धोतराचा सोगा हातात, डोळ्यांत पाणी. "इनायत! ते अकोल्याले येतो म्हणते बे! मनकर्णा! मले म्हणे, त्या पातूरच्या बुढ्याले पायतो, रजया पायतो कोण कोण घेऊन झोपते. चार वर्षं झाले, काल आखाड्यापर्यंत आली तेवढंच, नाई तं घराचा उंबरठा नाई वलांडला तिनं, अन् आज म्हणे मोतीरामले इचारा जागा हाये का गाडीत." अन् त्यांनी वस्तादांना अशी मिठी मारली की वस्तादांचा श्वास कोंडला. "तुह्यानं झालं हे. तुह्यानंच."

आता काय सांगणार? वस्तादांनी मनात हिशेब लावला की बुढ्याला सुट्टी झाली म्हणून सांगू. माणसं येतात जातात, दवाखानाच तो. उरलेल्या रजया आतल्या वार्डात दिल्या म्हणू, तिथं बाहेरच्याला जाऊ देत नाहीत. बाई एकदा अकोला पाहील, परत येईल, मोकळी होईल. आपण हळूहळू कधीतरी सांगू. खोट्याला असे टेकू लावत लावत ते पहाटेच टेम्पोत बसले.

टेम्पोत पुढं मनकर्णाबाई अन् वामनराव, मागं कोबीच्या पोत्यांवर वस्ताद. बाईच्या मांडीवर स्टीलचा डबा. वामनराव मागं वळून ओरडून सांगत होते, "लाडू हायेत! दाण्याचे! दोन डाव कुटले, पार मऊ! त्या बुढ्याले दात नाई ना!" वस्ताद कोबीच्या पोत्यावर बसून रस्त्याकडं पाहत राहिले. दोन्हीकडं नांगरलेली वावरं, मधेच वाळलेली पऱ्हाटी तशीच उभी.

दवाखान्यापुढं सकाळची गर्दी. विटांच्या चुली, वाळत टाकलेली लुगडी, कुठं कोणी आंघोळ करतं आहे, कुठं कोणी रडतं आहे. मनकर्णाबाई टेम्पोतून उतरली अन् जणू माहेरी आल्यासारखी चालायला लागली. एकेका अंथरुणाकडं पाहत, कोपरे पाहत, लाल दोरा कुठं दिसतो का. कुठंच दिसेना. वाघाच्या तोंडाच्या ब्लँकेटा, पोती, सतरंज्या.

"वयनी, त्या बुढ्याले सुट्टी झाली असन," वस्ताद मागून म्हणाले.

"असन. पण बाकीचे?"

"ते आत देल्या, वार्डात."

"आत कावून देल्या? आत तं पलंग असते, चादरी असते." ती चालतच राहिली. पायऱ्यांवर एक तरणी बाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती, तिच्यापाशी जाऊन ती वाकली. "बाई, इथी रजया वाटल्या ना, शिवम नाव हाये त्यावर, तुले नाई भेटली का?"

"भेटली होती ना माय! फेकून देल्ली." बाईनं लेकराचं झबलं वर केलं. पाठ लालेलाल, खाजवून खपल्या धरलेल्या. "हे पाय काय झालं. सगळ्यायलेच झालं इथी. शिवमची खाज म्हणतात. कोण मेला शिवम हाये कोण जाणे, गरिबाले काय भरून देते! तू घेशील नको हं, कोणी देल्ली तरी."

वामनरावांनी तोंड उघडलं. मनकर्णाबाईनं न पाहता त्यांचा हात धरला अन् दाबला. 

ती खाली बसली त्या बाईजवळ. लेकराच्या पाठीवर हात ठेवायला गेली, पण ठेवला नाही, वरच थांबला.

"औषध लावलं का?"

"लावलं. आता बरं हाये जरा. रात्री रडते."

"रडन तं खरं," ती म्हणाली.  मग उठली, अन् टेम्पोकडं चालायला लागली, येताना चालत होती तशी नाही, घरातल्या त्या मागच्या खोलीत चालायची तशी.

परतीच्या वाटेवर कोबी उतरलेली, म्हणून तिघंही मागंच बसले. हवा कानात घुसत होती. हिवरखेडचा फाटा मागं पडला.

"तुमाले मालूम होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"कापूस चांगला नव्हता, हे?"

"ते बी मालूम होतं वयनी. लोकायनं देल्ला, मले नाही म्हणता नाई आलं."

"त्याचं काही नाई. साऱ्या गावाचाच तसा होता यंदा. आमचा बी तसाच होता, मीच भरून देल्ला यायच्या गमछ्याखाली." तिनं पदर कानावर ओढला. "बुढा होता का?"

वामनराव म्हणाले, "अवं, आता जाऊ दे ना..."

"तुमी थांबा. इनायतभाऊ, बुढा होता का?"

वस्तादांनी मान खाली घातली. "नव्हता."

"मी या दोनी राती त्याले पाहो," ती म्हणाली, आवाज न चढवता, भाजी निवडताना बोलावं तसं. "डोक्यावरून रजई घेतलेला. मले वाटे, चला, एक जण तं गरम झोपला. तुमी मले खाजीचं सांगतलं असतं तं मी रडली असती. शिव्या देल्ल्या असत्या तुमाले. उठून इथी आली असती अन् त्या लेकराले औषध आणलं असतं. तुमी मले बुढा देल्ला."

 वस्तादांनी माफ करा म्हणायला तोंड उघडलं तर हवाच आत गेली.

तेल्हाऱ्यात टेम्पो थांबला. ती उतरली, डबा वस्तादांच्या हातात दिला. "घ्या. तुमच्या बुढ्यासाठी बांधले होते, तुमीच खा." टोमणा मारायचा होता का तिला, कोण जाणे, आवाजात तसं काही नव्हतं. पदर डोक्यावर घेतला अन् गेली. वामनराव दोघांच्या मधे जरा वेळ उभे राहिले, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, मग बायकोच्या मागं गेले.

वस्तादांनी रजया जाळल्या. जाळायच्या आधी प्रत्येकीचा कोपरा कापून नाव वेगळं काढलं, उकळत्या पाण्यात टाकून धुतलं, वाळवलं अन् सगळ्या चिंध्या कापडात बांधून वामनरावांकडं दिल्या. त्यांचं बाईनं काय केलं ते कोणाला माहीत नाही. गावाला सगळं कळलं, अशा गोष्टी राहतात का झाकून. कोणी वस्तादांना काही बोललं नाही. खुशालराव एकदा आखाड्याच्या दारापर्यंत आले, म्हणाले, "वस्ताद, तो कवडी कापूस माह्याच असन," अन् वस्ताद म्हणाले, "कोणाचा नव्हता तो, बसा, च्या घ्या," पण ते बसले नाहीत.

पुढच्या मार्गशीर्षात मेहनत झाली. कापूस मागितला नाही, रजया केल्या नाहीत. वस्ताद वामनरावांच्या घरी विचारायला गेले होते, तेव्हा मनकर्णाबाईनं आतूनच सांगितलं, "बैठका मारा. त्याले आवडे. पण त्याचं नाव आता कोण्या कपड्यावर नको." माणसं पण कमीच आली त्या वर्षी.

आता ते दर शुक्रवारी नमाज झाली की वामनरावांच्या ओसरीवर जाऊन बसतात. सईदाचाची म्हणतात, "क्यूं जाते, वो तो बात भी नहीं करती." तरी जातात. भिंतीला टेकून, मागच्या खोलीच्या दाराकडं तोंड करून सांगतात, जे झालं तेच, वर काही लावायचं नाही. आज मोतीरामचा टेम्पो चढावर बंद पडला, वयनी. उजैर भरतीत परत नापास झाला, उंचीत गेला. आखाड्याचं एक टिन उडालं वाऱ्यानं. त्या लेकराचं मी अकोल्याले जाऊन इचारलं, त्याची माय गावाले गेली म्हणे, पत्ता नाई लागला.

आतून कधी भांड्याचा आवाज येतो, कधी येत नाही. मग ते गुडघ्यावर हात ठेवून उठतात, चपला घालतात अन् म्हणतात, "येतो वयनी."